खूण सरकवायची राहिली

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. 100 मीटर धावणे आणि लांब उडी, दोन्हींत तेराव्या वर्षी आम्ही जिल्ह्यात पहिले आलो होतो. तेव्हा आमची 100 मीटरची वेळ 13.1 सेकंद होती, आता 13.3 लागतात. तिचं मन लागत नाही, आळस आलाय. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत तिने तिन्ही उड्या फाउल केल्या. तिला गांभीर्य कळावं म्हणून घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. खर्चात मी कुठे कमी पडत नाही, दीड वर्षात स्पाइक्सचे तीन जोड झाले, दर वेळी नंबर वाढतोच. वजन वाढलंय म्हणून रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं आहे. दहावीनंतर शिक्षण बाहेरून करून पूर्णवेळ मैदान धरावं, की सायन्स घेऊन नीट द्यावी? तिच्या टेबलासमोर मी अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सचं चित्र लावलं आहे. त्याने पायांच्या जोरावर जग जिंकलं, डिग्रीच्या नाही.
– एक वडील

(खाली वेगळ्या अक्षरात : मॅडम, उडीच्या बोर्डवर माझा पाय पुढे पडतो. काय करू?)

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र तीन पानांचं आहे. वर त्याचा सारांश दिला आहे. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ते वाक्य ना वेळेबद्दल आहे, ना नीटबद्दल. ‘घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.’ तुम्ही ते शिस्तीचा दाखला म्हणून लिहिलंय. मला त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी दिसते. तीन उड्या वाया गेल्यात, नावापुढे आकडाच लागलेला नाही, मैत्रिणींसमोर खड्ड्यातली वाळू झटकत ती बाहेर आली आहे आणि परतीच्या सगळ्या वाटेत शेजारी बसलेला बाप खिडकीबाहेर बघतोय. फाउल झाल्याचं दुःख तिला तुमच्याआधी झालं होतं. त्या अबोल्याने गांभीर्य कळलं नसेल, एवढंच कळलं असेल की उडी चुकली की बाबाही जातात.

आणखी एक सांगते, राग मानू नका. पहिले आलात ते ‘आम्ही’. 13.1 सेकंद ही ‘आमची वेळ’. फाउल मात्र ‘तिने’ केल्या. जिंकताना दोघं, हरताना ती एकटी. तुम्ही हे मुद्दाम लिहिलं नसणार, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मुलं आई-बापांच्या बोलण्यातली सर्वनामं फार बारकाईने ऐकतात.

आता आळसाबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे आणि मैदानावर येणाऱ्या कित्येक पालकांचा तो असतो. मुलीची वेळ तेरापासून पंधरापर्यंत दर वर्षी कमीच होत गेली पाहिजे, नाही झाली तर मेहनत कमी पडली, असा हिशेब तुम्ही मांडता. शरीर या हिशेबाने चालत नाही. वयात येताना मुलग्यांच्या अंगात स्नायूंची भर पडते आणि त्यांची वेळ बहुधा आपोआप सुधारते. मुलींचं वेगळं असतं. हाडं लांब होतात, कंबर रुंदावते, शरीरातलं चरबीचं प्रमाण वाढतं (ते वाढायलाच हवं) आणि लांब झालेले पाय वेगाने फिरवायची ताकद मागाहून येते. या काळात वेळ वर्ष-दोन वर्षं तिथेच अडकते, कधी थोडी मागेही जाते. दोन दशांश सेकंदांचा फरक म्हणजे आळस नव्हे. पुरावा तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही तो खर्चाच्या रकान्यात टाकलात : दीड वर्षात स्पाइक्सचे तीन जोड, दर वेळी मोठा नंबर. ज्या मुलीचे पाय इतके वाढले तिची उंचीही वाढली असणार. शाळेच्या नोंदीत बघा. तिचं शरीर नवं आहे आणि ती ते अजून शिकते आहे.

कार्ल लुईस तुम्हाला माहीत असणारच, ऑलिंपिकची 9 सुवर्णपदकं, त्यातली 4 लांब उडीची, 1984 पासून 1996 पर्यंत सलग चार स्पर्धांत. लहानपणी हा मुलगा अंगाने किरकोळ होता. पंधराव्या वर्षी त्याची उंची इतक्या झपाट्याने वाढली की शरीर सावरेपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याला कुबड्या घेऊन चालावं लागलं. त्याचे आई-वडील दोघेही अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक होते, घरचाच क्लब होता. धाकटी बहीण कॅरोलही लांब उडीत उतरली आणि 1983 च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवलं. त्या कुबड्यांच्या दिवसांत ‘याचं मन लागत नाही’ असा निष्कर्ष काढून आई-वडिलांनी त्याला मोडीत काढलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. 1987 मध्ये वडील गेले तेव्हा कार्लने लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिंकलेलं 100 मीटरचं सुवर्णपदक त्यांच्या हातात ठेवून त्यांच्यासोबत पुरलं. ते पदक कार्लचं होतं. द्यायचं की नाही हे त्याने ठरवलं.

अंजू बॉबी जॉर्जचंही बघा. सुरुवात हेप्टॅथलॉनने, म्हणजे सात प्रकार एकत्र. पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 6.70 मीटर लांब उडी मारून तिने भारताला अ‍ॅथलेटिक्समधलं पहिलं जागतिक पदक मिळवून दिलं ते 2003 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये 6.83 मीटर. तुमची मुलगी 15 वर्षांची आहे. अकरा वर्षं हातात असताना तुम्ही गेल्या महिन्यातल्या तीन उड्यांवर तिचं आयुष्य तोलताय.

जेवणाबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. रात्रीचं जेवण आज रात्रीपासून पूर्ण सुरू करा. वाढीच्या वयात, रोजच्या सरावाच्या वर पोटाला चिमटा काढला की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या आणि पावलाच्या हाडांना बारीक तडे जातात. उडीपटूच्या एका पायावर टेक-ऑफच्या क्षणी तिच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. उपाशी हाडावर तो भार टाकू नका. तिच्या आईला तिच्याशी पाळीबद्दल बोलू द्या आणि महिन्याभरात तिला डॉक्टरांकडे नेऊन आणा. वजन कमी करायला कोणीही सांगितलं असो, तो सल्ला चुकीचा आहे.

आता ओवेन्स. चित्र राहू द्या, पण गोष्ट पूर्ण सांगा तिला. 1935 मध्ये अ‍ॅन आर्बरला त्याने पाऊण तासाच्या आसपास तीन विश्वविक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. लांब उडीत त्या दिवशी त्याने एकच उडी मारली, 8.13 मीटर, आणि तो विक्रम 25 वर्षं टिकला. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत 100 मीटर, 200 मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार सुवर्णपदकं. तुमची गोष्ट इथे संपते. त्याची संपली नाही. स्पर्धेनंतर युरोपभर प्रदर्शनी शर्यती पळत राहायला त्याने नकार दिला, घरी परतला, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने त्याला निलंबित केलं. 23 व्या वर्षी त्याची धावण्याची कारकीर्द संपली. काळा माणूस म्हणून मायदेशी दारं आधीच बंद होती. पोटासाठी तो घोड्यांशी शर्यती लावून पळाला. कपडे धुण्याचा व्यवसाय काढला, त्यात दिवाळं निघालं. चार सुवर्णपदकं खाता येत नाहीत, असं तो पुढे म्हणायचा.

आणि डिग्री? ओवेन्स ओहायो राज्य विद्यापीठात शिकत होता. शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून लिफ्ट चालवून, टेबलांवर वाढून तो शिकत आणि पळत होता. बर्लिननंतर पदवी राहून गेली. 1940 मध्ये ती पुरी करायला तो पुन्हा विद्यापीठात गेला, तेव्हा संसार होता, मुली होत्या. जमलं नाही. त्याच विद्यापीठाने 1972 मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली. पायांच्या जोरावर जग जिंकलेल्या माणसाला पदवी इतकी हवी होती की सगळं जिंकून झाल्यावर तो वर्गात परत जाऊन बसला. आज खेळाडूंना पैसा आणि नोकऱ्या मिळतात, तेव्हासारखी परिस्थिती नाही, हे खरं. पण मांडीचा मागचा स्नायू आजही तसाच फाटतो.

म्हणून शिक्षण बाहेरून करण्याला माझा साफ विरोध आहे. ज्या वयात मैदानाबाहेर स्वतःची एक जागा असायला हवी, त्या वयात तुम्ही तिच्याकडे फक्त ट्रॅक ठेवताय. मग एक फाउल म्हणजे सगळंच फाउल. तिने कॉलेजात जावं, वर्गात बसावं, मैदानाशी संबंध नसलेल्या मैत्रिणी कराव्यात.

नीटचं एका ओळीत : अकरावी-बारावीचे दिवसभराचे क्लास आणि स्प्रिंटचा गंभीर सराव एकत्र धड होत नाहीत, दोन्ही होतात म्हणणारे तिसरं काहीतरी लपवत असतात, ते म्हणजे झोप. क्रीडा गुण, सरकारी भरतीतलं खेळाडूंचं आरक्षण, रेल्वे-पोलिसांतल्या जागा, फिजिओथेरपी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा, हे सगळे रस्ते आहेत आणि त्यांची माहिती कुठेही मिळेल. सायन्स की कॉमर्स की आर्ट्स, याचं उत्तर मी देणार नाही. तीन पानांत तिला कोणता विषय आवडतो, हे कुठेच आलेलं नाही. 100 मीटरची वेळ दशांशापर्यंत आहे, आवडता विषय नाही. तो आधी विचारा. विचारताना सुचवू नका.

धावणं सोडायचं की उडी, हा प्रश्न तुमच्या कोचनी काढला असल्याचं तुम्ही लिहिलंय. या वयात तो अनाठायी आहे. लांब उडी म्हणजे तीन-चतुर्थांश धावणंच. बोर्डापर्यंत जितका वेग आणता, त्याचीच उडी होते. ओवेन्स काय, लुईस काय, दोघंही आधी धावपटू होते. एक पोसलं की दुसरं पोसलं जातं. दोन्ही चालू द्या.

तुमच्यासाठी एवढंच काम आहे : पुढच्या स्पर्धेत खड्ड्याच्या कठड्याशी उभे राहू नका, लांब बसा. उडी कशीही होवो, परत येताना भूक लागलीय का ते विचारा आणि खेळाचा विषय तिने काढला तरच बोला. जमेल तेव्हा त्या अबोल्याबद्दल तिची माफी मागा. पंधराव्या वर्षी बापाने मागितलेली माफी मुलगी विसरत नाही.

आता पत्राच्या तळाशी लिहिणारीसाठी.

बाळा, तीन पानांत नेमका प्रश्न तू एकटीनेच विचारलास. मी प्रशिक्षक नाही, पण उडीपटूंबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगते. तुझी रनअपची खूण, म्हणजे उडीसाठी पळायला जिथून निघतेस ती जागा, कधी मोजली होतीस? वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल तर ती आता तुझी राहिलेली नाही. समज, तू सोळा पावलांचा रनअप घेतेस आणि पाय लांब झाल्यामुळे प्रत्येक पाऊल फक्त 4 सेंटिमीटरने वाढलं. सोळा पावलांत किती झाले? 64 सेंटिमीटर. बोर्ड असतो 20 सेंटिमीटर रुंद. जुन्या खुणेवरून निघालीस तर पाय पुढे पडणारच, कितीही लक्ष दिलंस तरी. उडीपटूंची पावलं मोजून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की सुरुवातीच्या पावलांतली छोटी चूक साठत जाते आणि शेवटच्या चार-पाच पावलांत नजरेच्या अंदाजाने ती भरून काढली जाते. पण चूक अर्ध्या मीटरहून मोठी असेल तर नजर किती भरून काढणार? मग शेवटची पावलं आखडतात, वेग मरतो, तरीही फाउल.

तेव्हा खड्ड्याकडे जाऊच नकोस. ट्रॅकवर एक रेघ आख, तिथून उडी न मारता पूर्ण वेगाने रनअप घे आणि सोळावं पाऊल कुठे पडतं तिथे मैत्रिणीला खूण करायला सांग. दमसास परत येऊ दे, पुन्हा पळ. असं सहा-सात वेळा. खुणा जिथे दाटीने पडतील ते अंतर तुझं. बोर्डापासून तेवढंच मागे मोजून नवी खूण ठेव, कोचना दाखव, आणि वाढ थांबेपर्यंत दर दोन महिन्यांनी पुन्हा मोज. वारा समोरून असेल तर पावलं लहान पडतात, तेही ध्यानात ठेव. पहिल्या आठवड्यात विचित्र वाटेल, बोर्ड फार लांब आहे असं वाटेल. वाटू दे.

मोजताना टेपचं दुसरं टोक बाबांना धरायला दे.