उपाशीपोटी की अनशापोटी?

प्रश्न नागपूरच्या प्रतापनगरातून आला आहे. कॉलनीत शुगरसाठी रक्ततपासणीचं शिबिर आहे, त्याचं पत्रक छापायचं आहे. मसुद्यात ‘उपाशीपोटी यावे’ होतं. एका ज्येष्ठांनी ते खोडून ‘अनशापोटी’ केलं. शुद्ध कोणतं?

शुद्ध दोन्ही. पण पत्रकात दोन्ही नकोत.

आधी ‘अनशापोटी’. फार गोड शब्द, आजीच्या तोंडचा. सकाळी उठल्यावर पोटात काहीच गेलेलं नसतं ती वेळ. अन् म्हणजे नाही आणि अश् म्हणजे खाणं. हिंदीतलं ‘आमरण अनशन’ आपण नागपूरकर रोज वाचतो, त्यातला ‘अशन’ हाच. काही घरांत ‘अनशेपोटी’ म्हणतात, त्यातही चूक नाही. थायरॉइडची गोळी सांगायला याच्याइतका नेमका शब्द नाही: सकाळी अनशापोटी घ्यायची, मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. अडचण एवढीच की तिशीच्या आतल्या दहा जणांना विचारा, सात-आठ जण तोंडाकडे बघतील. मी घरीच विचारून पाहिलं. भाच्याला वाटलं, नशापाण्याशी काही संबंध असावा.

‘उपाशी’ची गंमत वेगळी. तो सगळ्यांना कळतो, म्हणूनच घात करतो. उपवास म्हणजे मुळात ‘जवळ राहणं’. त्या शब्दात न खाण्याचा धातूच नाही. मराठीत त्याची तीन लेकरं झाली. उपास देवासाठी, उपोषण सरकारसाठी (हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमजवळचे मंडप आठवा), आणि उपाशी तो ज्याला मिळालंच नाही. यातला उपास तर आपण खाऊनच करतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची शुगर अशाच एका शिबिरात भलतीच जास्त निघाली. घरभर घबराट. मी विचारलं, “काकू, उपाशी गेल्या होत्या ना?”

“हो तं! मी उपाशीच होती बाप्पा, चतुर्थी होती ना.”

“म्हणजे काहीच नाही खाल्लं?”

“काहीच नाही. थोडीशी उसळ, आन् चहा.”

(विदर्भाबाहेरच्यांसाठी: उसळ म्हणजे इथे साबुदाण्याची खिचडी. मटकीची नव्हे.) साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर साखरेचा चहा. रक्तात साखर वाढली नसती तरच नवल. काकू खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या मराठीत त्या उपाशीच होत्या. चार दिवसांनी पुन्हा तपासली तेव्हा आकडा जागेवर आला.

मग कोणी म्हणेल, ‘निरंकार’ लिहा. बायकांना तो हरतालिकेमुळे पक्का ठाऊक आहे. पण निरंकार म्हणजे पाणीही नाही, आणि या तपासणीला साधं पाणी चालतं. उलट पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर सापडायला वेळ लागतो, टोचणाऱ्याचा आणि टोचून घेणाऱ्याचाही जीव जातो. लॅबवाले बोलताना ‘खाली पोटानं या’ म्हणतात. नागपुरात चालून जातं, पुण्याच्या पाहुण्याला पोटाखाली काय ते कळणार नाही.

खरं म्हणजे इथे शब्द हवा कशाला? माणसाला काय करायचं ते सांगायचं आहे. शुगरच्या या तपासणीआधी किमान 8 तास पोटात काही जायला नको. हे 8 तासही वाचणाऱ्याला मोजायला लावू नका, तुम्हीच मोजून घड्याळातली वेळ लिहा:

‘रात्री 10 नंतर काही खाऊ नका. सकाळी चहा, दूध, फळ नको. उपास असला तरी उपासाचे पदार्थ नकोत. साधं पाणी प्या. 7 वाजता या. शुगरची गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.’

‘यावे’, ‘घ्यावे’ ऐवजी ‘या’, ‘घ्या’. पत्रक सरकारी वाटलं की लोक घडी घालून फ्रिजवर ठेवतात. चतुर्थी-एकादशीचा दिवस तर शिबिराला धरूच नका.

तुमच्या मसुद्यात जेवून दुसऱ्यांदा रक्त द्यायला ‘जेवणानंतर दोन तासांनी’ आहे. तिथे ‘पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी’ करा. आपल्याकडे जेवण कधी संपलं यावर घरात एकमत होत नाही.

आणि तळाशी ‘औषधे मेडिकलमधून घ्यावीत’ असं एक वाक्य आहे. ते मुंबईत चालेल. इथे ‘मेडिकल’ म्हटलं की निम्मे लोक ऑटो करून मेडिकल चौकात, सरकारी दवाखान्यात जातील. ‘औषधाच्या दुकानातून’ लिहा.