आधी डिस्क वाचवा, मग प्लेअर की पीसी ते बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांच्या चारेकशे डिस्क, त्यातल्या निम्म्याहून जास्त मराठी नाटकांच्या व्हीसीडी, बाकी सिनेमांच्या डीव्हीडी आणि लंडनच्या भावाने पाठवलेल्या पंधरा-वीस ब्लू-रे. जुना डीव्हीडी प्लेअर गेला, टीव्ही नवा ४के घेतलाय, एक जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप पडून आहे, आई-बाबा दोघंच नाशिकला आणि तुम्ही बंगळुरूला. तर त्या डेस्कटॉपचा होम थिएटर पीसी करून टीव्हीला जोडायचा की सरळ ब्लू-रे प्लेअर घ्यायचा.

बाकीच्यांनी बहुतेक पीसीच सांगितलाय आणि त्यांची कारणं चूक नाहीत, पीसीवर जवळजवळ काहीही लागतं हे खरंच आहे. पण मी दोन्ही वर्षानुवर्षं वापरलंय, तेही स्वतःच्या वडिलांसाठी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत असं की हॉलमध्ये प्लेअरच ठेवा. पीसी मात्र मोडीत काढू नका, त्याचं काम आतल्या खोलीत आहे आणि ते काम प्लेअर आणायच्याही आधी करायचं आहे.

आमचं घर सांगलीचं, विष्णुदास भाव्यांचं गाव, त्यामुळे घरात नाटकाचं वेड वडिलांकडून आलेलं. २०११ मध्ये मी त्यांना एक पीसी बांधून दिला होता, आय-थ्री, विंडोज ७, त्यात मीडिया सेंटर, सोफ्याजवळ वायरलेस कीबोर्ड. मला तेव्हा वाटलेलं की याच्यापुढे काही नाही. आणि मी सुट्टीला घरी असलो की चालायचंही झकास. मी पुण्याला परतलो की दोन दिवसात फोन, "अरे, चित्र आहे पण आवाज नाही." मग मी इकडून विचारणार, खाली उजवीकडे स्पीकरचं चिन्ह दिसतंय का, त्यावर क्लिक करा, ते म्हणणार कुठलं चिन्ह, इथे तर तारीख दिसते. टीव्ही आधी चालू केला की पीसी आधी, एवढ्यावरून आवाज कधी एचडीएमआयने जायचा तर कधी मागच्या ऑडिओच्या भोकातून. एकदा गणपतीत घरी पाहुणे जमलेले, नाटकाचा दुसरा अंक रंगात आलेला आणि कॉम्प्युटर अपडेटला बसला, पाऊण तास. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो पीसी आपणहून कधी लावला नाही. मी आलो की लावायचो तेवढंच. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं. २०१४ ला मी तो काढला आणि साधा ब्लू-रे प्लेअर आणून ठेवला, ट्रे बाहेर येतो, डिस्क ठेवायची, प्ले. त्या आठवड्यात त्यांनी चार नाटकं पाहिली.

म्हणून रिमोट कुणाच्या हातात असणार ते सगळ्यात आधी ठरवा. तुमच्याकडे तो सत्तरीच्या आई-बाबांच्या हातात आहे. प्लेअरला एचडीएमआय-सीईसी असतं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने प्ले, पॉज, मागे-पुढे सगळं होतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते एकदा चालू करून द्यायचं. साध्या डेस्कटॉपला सीईसी सहसा नसतंच, त्यासाठी वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला आहे, त्यावर लिब्रेइलेक ही सिस्टिम टाकली की चालू केल्यावर थेट कोडी, म्हणजे फाइली निवडून बघायचं सॉफ्टवेअरच उघडतं आणि टीव्हीच्या रिमोटवर चालतं, हा मार्ग पुढेमागे तुम्हाला उपयोगी पडेल.

चित्राचं म्हणाल तर इथे लोकांचा एक गैरसमज असतो, की पीसी भारी म्हणजे चित्र भारी. पीसीवर चांगलं चित्र मिळतं पण ते मिळवावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, आणि नाटकाचं शूटिंग व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेलं म्हणजे इंटरलेस्ड, सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम. नटाने हात झटकन फिरवला की पीसीवर त्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस चालू करून मोड यादिफ २एक्स केला की हालचाल एकदम पाण्यासारखी होते, पण हे माहीत असेल तर. त्यात स्क्रीन ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) असली तर पुन्हा झटके, ती ५० वर न्यायची. सिनेमाच्या ब्लू-रेला २३.९७६ हर्ट्झ, आणि २०११ च्या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरच्या ग्राफिक्सला नेमकं तेवढं जमायचं नाही, सरळ २४ द्यायचे, त्यामुळे दर चाळीसेक सेकंदांनी एक बारीकसा हिसका बसायचा आणि एकदा तो दिसला की मग डोळा त्याचीच वाट बघत बसतो. शिवाय रंगांची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला. पीसी पूर्ण रेंज पाठवतो आणि टीव्ही मर्यादित धरून बसला की सावल्या सगळ्या गच्च काळ्या होतात, उलटं झालं तर काळ्याचा राखाडी होतो, रंगमंचावरचा अंधारही धुरकट दिसतो. प्लेअर हे सगळं टीव्हीशी बोलून आपलं आपण करतो.

आता भावाने पाठवलेल्या ब्लू-रे. डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी यासाठी कंपन्या तिला रीजन ठरवून देतात. या यूकेच्या, म्हणजे बऱ्याचशा रीजन बी, आणि भारत रीजन सी. काही डिस्कना रीजनचं बंधन नसतं, पण ज्यांना आहे त्या इथे घेतलेल्या प्लेअरवर लागणार नाहीत. विकत घेण्याआधी एक डिस्क बरोबर घेऊन दुकानातच लावून बघा, दुकानदार का-कू करेल, तरी बघा. डीव्हीडीतही तेच, यूके २ आणि भारत ५, पण तिथे रीजन-फ्री प्लेअर सहज मिळायचे. पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर जो असेल तो कायमचा, म्हणून सहज म्हणून बदलून बघू नका. भाऊ पुढे ४के डिस्क पाठवणार असेल तर त्यांना रीजनच नसतो, ती कटकट नाही, पण त्यासाठी ४के प्लेअरच लागतो. तुमच्या डेस्कटॉपवर ४के डिस्कचा विचार सोडून द्या. अधिकृत रीतीने ती पीसीवर लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते, जुन्या पिढ्यांत ती या कामाची नव्हती आणि अकराव्या पिढीपासून इंटेलने डेस्कटॉपमधून काढूनच टाकली, म्हणजे मधल्या थोड्या पिढ्या सोडल्या तर कितीही महाग पीसी घ्या, उपयोग नाही.

आणि एक महत्त्वाचं, जे तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त लागू आहे. बऱ्याच ब्लू-रे प्लेअरवर व्हीसीडी चालतच नाही! डीव्हीडी प्लेअर जवळजवळ सगळे चालवायचे, पण ब्लू-रेवाल्यांनी बऱ्याच मॉडेलमधून ते गाळलं. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कची यादी असते, मॅन्युअल नेटवर मिळतं, त्यात व्हीसीडी लिहिलेलं असेल तरच ते मॉडेल घ्या. निवड तशी कमीच उरलीये, ओप्पोने २०१८ ला प्लेअर बंद केले, मग सॅमसंग, २०२४ च्या शेवटी एलजी. जुना वापरलेला घेतलात तरी हरकत नाही, फक्त दोन थर असलेली डीव्हीडी शेवटपर्यंत अडखळत नाही ना ते बघून घ्या, लेझर थकला असेल तर तो आधी तिथेच कळतो.

आता खरं सांगायचं ते. सिनेमे आज ना उद्या कुठेतरी पुन्हा बघायला मिळतील, पण व्हीसीडीवर आलेली ती नाटकं, त्यातली कितीतरी आज कुठल्याच ॲपवर नाहीत. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला आणली तेव्हा किराण्याच्या दुकानातसुद्धा डिस्क मिळायच्या, घराघरात ढीग झाले, आणि ती कंपनी २०१८ ला लिक्विडेशनमध्येही, म्हणजे दिवाळखोरीत मोडीत, गेली. त्या ढिगांचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. वडिलांचा ढीग अजून जागेवर आहे याची किंमत ओळखा.

एक करून बघा. कपाटातली कुठलीही जुनी व्हीसीडी घ्या आणि ट्यूबलाइटसमोर आडवी धरा, छापील बाजू तुमच्याकडे. सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चांदीसारखा थर गेलाय, तिथलं नाटक गेलं. सीडी-व्हीसीडीत तो थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त पातळसं लॅकर. डीव्हीडीत तो दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती जास्त तग धरते. लोक चमकती बाजू जपतात आणि छापील बाजूवर पेनने नावं लिहितात, व्हीसीडीच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. वर व्हीसीडीत चुका दुरुस्त करायची एक पायरी कमी ठेवलीये, जास्त मिनिटं बसावीत म्हणून, त्यामुळे त्याच ओरखड्याने डेटा सीडी वाचली जाईल पण व्हीसीडीवर चौकोन-चौकोन येतील.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं. डिस्क भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यात. पाणी उतरल्यावर आम्ही त्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यातून काढून पंचावर वाळत घातल्या. डीव्हीडी बहुतेक सगळ्या धुऊन चालल्या. व्हीसीडींना मात्र आतला छापील कागद चिकटून बसलेला, आईने एकीचा कागद हळूच सोलला तर तो थर कागदाबरोबर पापुद्र्यासारखा निघून आला आणि तिच्या हातात नुसती काचेसारखी पारदर्शक चकती राहिली. वडील बघत होते. पण सुदैवाने २०१६-१७ मध्ये मी जवळपास सगळ्या व्हीसीडींच्या कॉप्या करून हार्ड डिस्क पुण्याला ठेवली होती. ती होती म्हणून आज नाटकं आहेत, प्लेअर आणि पीसी दोन्ही पाण्यात गेले होते.

तर तुमच्या डेस्कटॉपचं काम हे. व्हीसीडी आधी घ्या. डिस्क टाकली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात एव्हीसेक०१.डॅट अशी फाइल, ती सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करायची, विंडोजवर त्याला बाकी काही सॉफ्टवेअर लागत नाही, व्हीएलसीत तशीच चालते. फाइलच्या नावातलं शेवटचं डॅट बदलून एमपीजी केलं तर ती बऱ्याचदा प्लेअरच्या यूएसबीतही लागते. डिस्क मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हने वाचते हा माझा नेहमीचा अनुभव, म्हणून यूएसबीचा एक डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा ठेवा. अडणाऱ्या डीव्हीडीसाठी लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम) डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद ठेवतं आणि ड्राइव्ह बदलून राहिलेले तुकडे पुन्हा घेतं. तसंही विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमचं मशीन आठव्या पिढीच्या आधीचं असेल तर विंडोज ११ घेणार नाही, मग व्हीसीडी कॉपी करून झाल्या की लिनक्सच टाका.

जागा फार लागत नाही. व्हीसीडी प्रत्येकी ७०० एमबीच्या आसपास, म्हणजे तुमच्या सगळ्या मिळून दीडशे-पावणेदोनशे जीबी. डीव्हीडी जास्तीत जास्त ८.५ जीबी. २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क पुरतील, एक नाशिकला, एक तुमच्याकडे बंगळुरूला, एकाच घरात दोन ठेवू नका. ब्लू-रे सध्या राहू द्या, त्या टणक आहेत आणि बाजारात अजून मिळतात. कॉप्या घरापुरत्या ठेवा, वाटत सुटू नका, निर्मात्यांनी कष्टाने केलेलं काम आहे ते.

फाइलला नाव देताना नाटकाचं नाव, अंक आणि डिस्क क्रमांक एवढं लिहाच, नाहीतर दोनशे फाइली सगळ्या एव्हीसेक०१ होऊन बसतात. आणि प्रत्येक कव्हरचा पुढून-मागून फोटो काढा. कलाकारांची नावं, नेपथ्य, संगीत, कुणी प्रकाशित केलं, हे बऱ्याच नाटकांबाबत फक्त त्या कव्हरवरच उरलंय. पुढे कधी कोडी लावलंत तर तोच फोटो पोस्टर म्हणून लागेल, कारण बाहेरच्या सूच्यांमध्ये ही नाटकं सापडत नाहीत आणि भलतंच पोस्टर येतं. आई-बाबांना चित्र बघून निवडणं सोपंही जातं.

या कामाला बाबांना बसवा. माझ्या वडिलांना पीसीवर नाटक लावणं कधी जमलं नाही, पण कॉपी करताना डिस्क पुसून हातात द्यायचं, कव्हर वाचून नाव सांगायचं काम त्यांनी महिनाभर रोज संध्याकाळी केलं, आणि प्रत्येक डिस्कबरोबर ते नाटक पहिल्यांदा कुठे पाहिलं ते सांगत गेले.

डेस्कटॉपचा नेमका प्रोसेसर आणि त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह अजून चालू आहे का तेवढं कळवा, मग लिनक्सचं पुढचं सांगतो.