सोलापूरहून आई-वडील, बायको आणि दोन मुलांना घेऊन दोन दिवस मुंबईला जातोय. हॉटेलात जेवायचा खर्च किती येईल आणि कुठे जेवावं?

खर्चाचं सांगतो, पण आधी मला सांगा, जेवायचं ठिकाण कोण ठरवणार आहे? मुंबईत राहणारा भाऊ, मेहुणा, साडू असा कुणी असेल तर त्याच्या हाती ते देऊ नका. पाहुण्यांच्या पोटापेक्षा त्याला आपली मुंबई दाखवायची घाई जास्त असते.

2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. त्याच फेब्रुवारीत सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली होती आणि अण्णांना त्या गाडीत बसायचंच होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला, जॉबर म्हणजे मुकादम होते. धाकटा भाऊ ठाण्याला असतो, त्याच्याकडे उतरलो. आईनं निघताना कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. का, ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गेटवे वगैरे झालं. रात्रीसाठी धाकट्यानं एका मॉलमधल्या हॉटेलात टेबल बुक केलं होतं, साडेआठचं. अण्णा साडेसातला जेवतात. त्यांना मधुमेहाची गोळी आहे, जेवणाच्या आधी घ्यायची. त्यांनी सवयीनं टॅक्सीतच घेऊन टाकली. आम्ही पोचलो तर टेबल तयार नाही. बसायला नऊ वाजले. मग वेटरनं विचारलं, पाणी बॉटल का रेग्युलर? आई म्हणाली, साधंच द्या. मग सूप, मग स्टार्टर, मग मुलांचं हे नको ते हवं. सव्वानऊला साखर उतरून अण्णांचे हात थरथरायला लागले. कुणाला काही न बोलता त्यांनी पिशवीतनं पुडकं काढलं आणि भाकरी मोडली. कडक भाकरी मोडल्याचा आवाज माहीत आहे ना तुम्हाला? तो त्या हॉटेलात केवढा मोठा झाला काय सांगू.

वेटर आला. हळू आवाजातच म्हणाला, 'सर, बाहर का खाना अलाउड नहीं है.' धाकट्याचा चेहरा पडला. 'अण्णा, ठेवा ना ते आत, लोक बघतायत.' कुणी बघत नव्हतं, सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. पण अण्णांच्या हातातनं पुडकं घेऊन पिशवीत कुणी घातलं? मी. अर्धी भाकरी त्यांच्या हातात तशीच राहिली, ती त्यांनी मुठीत धरून ठेवली.

तेवढ्यात माझी मुलगी मेनू वाचत होती, ती मोठ्यानं म्हणाली, 'आजोबा, इथं ज्वारीची रोटी आहे, 95 रुपये.' अण्णांनी तिच्या बोटाखालची ओळ बघितली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडा येतो. म्हणाले, 'म्हणजे आपलीच की बे. हिला बरी परवानगी आहे आत यायची.' किलोभर ज्वारीत दहा-बारा भाकऱ्या होतात हा हिशोब ते घरी येईपर्यंत करत होते.

बिल असं होतं: खाणं 4,200, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 420, आणि ह्या दोन्हींच्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी 231. एकूण 4,851. म्हणजे सेवेवरही कर! मी त्या 420 वर बोट ठेवलं तर धाकटा म्हणाला, 'दादा, नको आता, तमाशा नको.' ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलं होतं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. पण हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती आली, आणि निकाल लागला 28 मार्च 2025 ला. दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं बरोबर ठरवलं. आता तुमच्या बिलात तो आला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावर वाद घालू नका.

आता तुमचं. तुम्ही सहा माणसं. साध्या उडप्याकडे एका वेळेला दीड-दोन हजारांत भागेल, मॉलमध्ये पाचाच्या पुढे धरा. मोठं जेवण दुपारी करा, रात्री इडली-डोशावर काढा. दुपारी साडेतीननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं, ते थेट सातला उघडतं. तेव्हा फिरता फिरता चार वाजवू नका. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाणार असाल तर दादरला उतरा. शिवाजी पार्कजवळ प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, म्हाताऱ्यांना आणि पोरांना दोघांनाही चालतं. माटुंगा स्टेशनला लागून रामा नायक यांचं बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात. पहिल्या मजल्यावर आहे, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर जिन्याचं बघा. अनलिमिटेड थाळीच्या फंदात आई-वडिलांना घालू नका. दोन फुलके खाणाऱ्या माणसाचे पूर्ण पैसे जातात आणि एका थाळीत दोघं चालत नाही. आणि टेबल बुक करायचंच असेल तर वडिलांच्या जेवायच्या वेळेचं करा.

धाकटा दर दिवाळीला हा किस्सा 'अण्णांनी त्या दिवशी लाज काढली' म्हणून सांगतो. भावजय हसते, मी गप्प बसतो. साडेसातला जेवणाऱ्या माणसाला साडेआठचं टेबल कुणी घेतलं होतं, ते एकदा त्यानं सांगावं.

हां, त्या वेटरची चूक नव्हती. बाहेरचं खाणं न चालणं हा हॉटेलचा नियम असतो, त्याची नोकरी आहे. अण्णांचंही थोडं चुकलंच, जेवण समोर आल्याशिवाय गोळी घ्यायची नाही हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. आणि बिल धाकट्यानंच दिलं, हेही खरं. मी निम्मे देऊ केले तर म्हणाला, 'असू दे, तुम्ही पाहुणे आहात.' अण्णा तिथंच उभे होते, चपला घालत.

तो हे वाचत असेल तर निम्मे 2,425 रुपये 50 पैसे होतात. खाते नंबर पाठव.