मूडबिद्रीच्या बसदी

प्रश्न : कर्नाटकातील मूडबिद्रीला ‘जैन काशी’ का म्हणतात? तेथील देवळांना शिखर का नसते?

उत्तर : मंगळूरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर असलेल्या या गावात 18 बसदी, म्हणजे जैन मंदिरे आहेत; शिवाय येथील भट्टारकांचा, म्हणजे जैन धर्मपीठाच्या प्रमुखांचा, मठ हे दिगंबर परंपरेचे मोठे पीठ मानले जाते. त्यांतील सर्वांत भव्य, 1430 मध्ये उभारलेली चंद्रनाथ बसदी ‘हजार खांबांची’ म्हणून ओळखली जाते. किनारपट्टीवरील मुसळधार पावसामुळे शिखराऐवजी उतरत्या छपरांचे मजले चढवलेले दिसतात. आतील दगडी खांबांवरची नक्षी मात्र निवांतपणे पाहावी. याच बसदीतील भैरादेवी मंडपाच्या जोत्यावर तर चक्क जिराफ आणि चिनी ड्रॅगन कोरलेले आहेत. सागरी व्यापारामुळे दूरदेशीच्या गोष्टी येथवर पोहोचल्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे. चौटा या स्थानिक राजघराण्याच्या वाड्यातील लाकडी खांबांवर नऊ स्त्रियांच्या आकृती गुंफून साकारलेला हत्तीही चुकवू नये.

तथापि आमच्या मते गावाचे खरे वैभव ताडपत्रांत आहे. ‘षट्खंडागम’ या दिगंबरांच्या प्राचीन धर्मग्रंथावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका शतकानुशतके येथेच जपली गेली आणि दर्शनापलीकडे ती क्वचितच कोणाच्या हाती पडली. विशेष म्हणजे, तिचा पहिला मुद्रित खंड 1939 मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या अमरावतीतून प्रसिद्ध झाला.