गणपतीआधी रंग की दिवाळीनंतर?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमचं चिऱ्याचं घर आहे, बाहेरून गिलावा केलेला. दोन वर्षांपूर्वीच रंग दिला होता, पण उत्तरेकडची भिंत आणि पडवीचे खांब काळेकुट्ट झालेत. रंगारी १,३५,००० रुपये सांगतो. गणपतीला सगळे येतील, लाज वाटते. डिसेंबरात मुदत संपणारी तीन लाखांची एफडी मोडू का?

ताई, मोडू नका. तसं बघितलं तर एफडी मोडण्याचं नुकसान फार मोठं नाही. तीन वर्षांपैकी दोन वर्षं सात महिने होत आले. बँकेने व्याजाच्या दरात एक टक्का कापला तर साधारण पावणेआठ हजार जातील. माझी हरकत आहे ती ओल्या भिंतीवर रंग लावायला. १,३५,००० चा रंग सहा वर्षं टिकला तर वर्षाला २२,५०० पडतात. मागच्यासारखा दोन वर्षांत काळा पडला तर ६७,५००. बुरशीवर रंग मारला की ती खाली जिवंत राहते आणि पुन्हा वर येते. मी स्वतः जूनमधल्या दोन दिवसांच्या उघडिपीत गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, रंग लावून घेतला होता. पुढच्या श्रावणात डाग जिथल्या तिथे, आणि रंगारी फोन उचलेना!

आधी काळं काय आहे ते बघा. डागावर ब्लीचचा थेंब टाका. एक-दोन मिनिटांत फिकं पडलं तर बुरशी किंवा शेवाळ. तसंच राहिलं तर धूळ किंवा पागोळ्यांनी उडालेली तांबडी माती, तिला साबणाचं पाणी पुरे. बुरशी असेल तर एक भाग द्रव ब्लीच, तीन-चार भाग पाणी. नायलॉनच्या ब्रशने खालून वर लावत जा, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळांचे पट्टे उठत नाहीत. पाव तास ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, रंग खरवडतो. हातमोजे, चष्मा घाला. जास्वंदीला आधी आणि नंतर भरपूर पाणी ओता. आणि ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. दोन माणसांची मजुरी धरून माझ्या अंदाजाने चारेक हजारांत काम होईल. ते बचत खात्यातून करा. गणपतीला भिंत नवी दिसणार नाही, पण स्वच्छ दिसेल. फारच वाटलं तर आतून ओटीला रंग द्या.

उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून ती उशिरा वाळते. त्यात पन्हळ फुटलेली असेल किंवा माडाच्या झावळ्या टेकत असतील, तर ते आधी निस्तरा. भिंतीवर पाणी येत राहिलं तर कितीही भारी रंग घ्या, उपयोग नाही.

डिसेंबरात एफडी पुरी होईल, तोवर भिंतही सुकेल. रंगाचे पैसे काढून उरलेले १,६५,००० लगेच पुन्हा गुंतवा, खात्यात पडून राहिले तर खर्च होतात. रंगाऱ्याकडून लिहून घ्या: आधी धुणं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. शेवटचे पंधरा हजार पुढच्या पावसाचा पहिला महिना गेल्यावर द्यायचे असं ठरवा. नाही म्हणाला तर दुसरा रंगारी बघा.