मिठाच्या इलेक्ट्रोलिसिसमधून नेमकं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की कोणी सोडियम सांगतं, कोणी कॉस्टिक सोडा, कोणी ब्लीच. यातलं खरं कुठलं? तिन्ही खरी. मीठ वितळवून वीज सोडली तर सोडियम मिळतं. पाण्यात विरघळवलं तर ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर) सोडियमचा नंबरच लागत नाही, पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि मागे कॉस्टिक राहतं.

धनाग्रावर (धन टोकाच्या कांडीवर) कुठला वायू सुटतो, हा विषय मात्र माझ्या जिव्हारी लागलेला आहे. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी ‘क्लोरीन’ म्हणालो, तर बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ‘ऑक्सिजन! 1.23 व्होल्ट आधी येतात की 1.36?’ समोर बीकर चालू होता. संपृक्त मीठ, ग्रॅफाइटच्या कांड्या. ऋणाग्राभोवती फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली दाखवणारं दर्शक) गुलाबी झालेलं. धनाग्रापाशी धरलेला ओला निळा लिटमस आधी लाल, मग पांढराफटक. नाकाला झोंबणारा वास टेबलभर. मी म्हटलं, ‘सर, ऑक्सिजननं लिटमस पांढरा पडतो का?’ ‘नीट वाचून या,’ एवढंच उत्तर मिळालं आणि मार्क गेले.

ते आकडे, ऑक्सिजनचा 1.23 आणि क्लोरीनचा 1.36, समतोलाचे आहेत. कुठला वायू किती झपाट्यानं सुटेल हे त्यातून कळत नाही. ग्रॅफाइटवर ऑक्सिजन सुटायला 1.23 पेक्षा बरेच जास्त व्होल्ट लागतात. यालाच ओव्हरपोटेन्शियल म्हणतात, आणि तेवढ्यात क्लोरीन बाजी मारतो. पुढे मी कॉस्टिकच्या प्लँटमध्येच नोकरी केली. तिथला सगळा धंदा यावरच उभा आहे. ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, तीव्र ठेवायचं, धनाग्र टायटॅनियमचं, त्यावर रुथेनियम ऑक्साइडचा थर, आणि मध्ये मेम्ब्रेन, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा. मेम्ब्रेन नसेल तर क्लोरीन कॉस्टिकमध्ये मिसळून हायपोक्लोराइट होतं, म्हणजे तुमचं ब्लीच. तेच गरम ठेवलं तर क्लोरेट.

वितळलेल्या मिठाचं थोडक्यात: ते 801 अंशांना वितळतं, म्हणून डाउन्स सेलमध्ये (सोडियम बनवायच्या भट्टीवजा सेलमध्ये) कॅल्शियम क्लोराइड घालून तापमान 600 च्या आसपास आणतात.

हां, मीठ अगदी चिमूटभर असेल तर मुख्यतः ऑक्सिजनच येतो. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर, पण आमचा बीकर संपृक्त होता. घरी करून बघणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि धनाग्राला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि तोंडी परीक्षेत कोणी 1.23 पुढे केलं, तर आधी विचारा: द्रावण किती तीव्र आहे आणि धनाग्र कशाचं आहे?