कार्बनच्या करारावर सही करण्याआधी : शेतकऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरे

पूर्वी या दिवसांत कार्यालयात बियाणे, खत आणि किडीचे प्रश्न यायचे. आता शेतकरी पिशवीतून कार्बन क्रेडिटच्या कराराचे इंग्रजी कागद काढून पुढे ठेवतात. गावात कुणीतरी येऊन पारावर बैठक घेतो, ‘हवा शुद्ध केल्याचे पैसे मिळणार’ म्हणतो आणि सातबारा, आधार मागतो. विषय खोटा नाही, पण अर्धवट सांगितला जातो. म्हणून या वेळी याच प्रश्नांची उत्तरे देतो आहे.

औसा तालुक्यातील एक शेतकरी विचारतात : ‘दोन एकर बांबू लावा, बाकीच्या रानात शेणखत वाढवा, झाड आणि माती दोन्हींच्या कार्बनचे पैसे वीस वर्षे देऊ, असे एक कंपनी म्हणते. करार अठरा पानांचा, इंग्रजीत आहे. सही करू का?’

आज करू नका. करार मराठीत लिहून मागा, घरातल्या सगळ्यांसमोर वाचा, मग ठरवा. मराठी प्रत द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी वीस वर्षांचे नाते जोडू नये.

आधी हा माल काय आहे ते समजून घ्या. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता धरणारा दुसरा वायू, हवेत जाण्यापासून रोखला किंवा हवेतून ओढून झाडात-मातीत साठवला याचा दाखला. तो विकत घेतात कंपन्या. कुणी ‘अमुक सालापर्यंत आमचे उत्सर्जन (हवेत सोडलेले असे वायू) शून्यावर आणू’ असे जाहीर केलेले असते. कुणाला भागधारकांना हिशेब द्यायचा असतो: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून तिथल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. आपल्या देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्येही ठरवून दिली गेली.

ही सक्ती कारखान्यांवर आहे, शेतकऱ्यावर कसलीही नाही. शेतीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जो आराखडा जाहीर केला, तो ऐच्छिक कार्बन बाजाराचा आहे. तेव्हा ‘ही सरकारी योजना आहे, नाव नोंदवले नाही तर अनुदान थांबेल’ असे कुणी म्हणाले, तर तो चुकीचे सांगतो आहे. हा तुमचा आणि एका खासगी कंपनीचा व्यवहार आहे, आणि व्यवहाराकडे पाहावे तसेच त्याकडे पाहा.

आता पैशाचे. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात ढोबळमानाने आठ लाख किलो माती असते. तुमच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कार्बन, ०.४० टक्के आला आणि तुम्ही मेहनतीने तो ०.४५ वर नेला, तर वाढलेला कर्ब झाला चारशे किलो. एक किलो कर्ब म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एकरी जेमतेम दीड टन, दीड क्रेडिट. आणि ही वाढ एका हंगामात होत नाही. मराठवाड्याच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर कुजून उडून जातो, त्याला काही वर्षे सतत शेणखत, पाचट (उसाचा वाळलेला पाला), हिरवळीचे खत घालावे लागते. हिशेबापुरता क्रेडिटला हजार रुपये भाव धरला, तर त्या सगळ्या वर्षांचे मिळून एकरी दीड हजार. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा जाणार. एजंटाने बैठकीत सांगितलेला आकडा या गणितासमोर ठेवून पाहा. जमीन सुधारण्याचा खरा पैसा ओल टिकण्यात आणि खताची बचत होण्यात आहे, आणि तो कोणत्याही कराराशिवाय मिळतो. झाडांचा हिशेब मातीपेक्षा बरा बसतो, पण तिथेही पैसा लगेच येत नाही: झाड वाढणार, कुणीतरी मोजणार, त्रयस्थ संस्था तपासणार, मगच क्रेडिट निघणार.

करारात मी सगळ्यात आधी ‘हिस्सा’ पाहतो. ‘शेतकऱ्याला ७० टक्के’ असे ठळक लिहिलेले असते, पण कशाचे ७० टक्के? एकूण विक्रीचे, की सगळे खर्च वजा जाऊन उरलेल्याचे? खर्च कंपनीच ठरवणार असेल तर उरणारी रक्कमही तीच ठरवणार. दुसरी गोष्ट मुदत. वीस वर्षांत मुलगी लग्नाची होते, मुलगा वाटणी मागतो, विहिरीसाठी दोन एकर विकायची पाळी येते. जमीन विकली, वारसांत वाटली, झाड तोडले किंवा वणव्यात जळले, तर कोण काय भरणार, हे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘दिलेली रक्कम व्याजासह परत’ असे कलम असेल तर सही करू नका. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कराराची नोंद होणार असेल तर उद्या बँकेत पीककर्जाला अडचण येऊ शकते, तेही विचारा. तंटा झाला तर लवाद कोणत्या शहरात बसणार? दिल्ली-मुंबई लिहिले असेल तर तुमच्यासाठी न्याय तिथेच संपला असे समजा आणि लातूर लिहून मागा.

नोंदणीसाठी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. ओटीपी तर मुळीच सांगू नका. एकाच गट नंबरची जमीन दोन कंपन्यांच्या प्रकल्पात घालता येत नाही, म्हणून मामाच्या ओळखीचा म्हणून एकीकडे आणि मित्राचा म्हणून दुसरीकडे असे सातबारे वाटू नका. आणखी एक गोष्ट लोकांना खटकते, पण नियम तसाच आहे: तुम्ही आधीपासूनच जे करत आहात त्याचे क्रेडिट सहसा मिळत नाही. प्रकल्पामुळे नव्याने घडलेला बदलच मोजला जातो. दहा वर्षांपूर्वी बांधावर सागवान लावणाऱ्यावर हा अन्याय वाटतो, मलाही वाटतो. पण त्या जुन्या झाडांचे पैसे देतो म्हणणाऱ्यापासून अधिक सावध राहा.

कागदावरचे क्रेडिट रद्दही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हेरा या क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थेने चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प तपासणीनंतर नाकारले. म्हणून कंपनीला प्रकल्प क्रमांक विचारा. नोंदणी संस्थांच्या याद्या सर्वांना पाहता येतात. क्रमांक घेऊन कार्यालयात या, मी शोधून दाखवीन.

बांबू मात्र करार केला नाही तरी लावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू कायद्याने ‘वृक्ष’ राहिलेला नाही, त्यामुळे तो तोडण्या-नेण्याची जुनी कटकट उरलेली नाही.

निलंगा तालुक्यातील एक ताई विचारतात : ‘सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी असाच करार केला. पैसे आले नाहीत. आता ते नाहीत, जमीन आमच्या नावावर होते आहे. करार आमच्यावर बंधनकारक आहे का?’

ताई, हे करारातल्या वारसांच्या कलमावर ठरेल, म्हणून आधी कराराची पूर्ण प्रत मिळवा. प्रत नसेल तर कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून प्रत, प्रकल्प क्रमांक आणि आजवरच्या मोजणीचा तपशील मागा, पोचपावती जपा. फोनवरचे आश्वासन पुरावा ठरत नाही. पहिला पैसा पडताळणीनंतर येतो, त्यामुळे दोन वर्षांत रक्कम न येणे म्हणजे फसवणूकच असे लगेच म्हणता येणार नाही, पण मोजणीला कुणी एकदाही शेतात आले नसेल तर शंका रास्त आहे. कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही. तोवर कंपनीने पाठवलेल्या कोणत्याही नव्या कागदावर सही करू नका.

‘सोयाबीन घेणारी कंपनी गट नंबर आणि मोबाइलवरून शेताचे ठिकाण मागते. जमिनीला धोका आहे का?’

हा प्रश्न एका आठवड्यात चौघांनी विचारला. धोका नाही, कारण आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. सोया, कॉफी, कोको, पामतेल, रबर, लाकूड आणि गुरे यांपासूनचा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचा असेल, तर तो तिथे विकता येणार नाही. आपली सोयापेंड युरोपात जाते, जनुकीय बदल नसलेली म्हणून तिला तिथे मागणी आहे. त्यामुळे पेंड कोणत्या रानातल्या सोयाबीनची, हे निर्यातदाराला दाखवावे लागणार. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला नकाशावरचा एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्या शेताची पूर्ण हद्द द्यावी लागते. कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, मोठ्या कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६ ही तारीख आहे. मे २०२५ मध्ये युरोपने भारताला कमी जोखमीच्या देशांत धरले, त्यामुळे तपासणी सौम्य राहील.

पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या रानाला काहीच अडचण नाही. गट नंबर आणि ठिकाण द्या, पण बँकेचा तपशील आणि कोऱ्या कागदावरची सही देऊ नका. वनहक्काच्या पट्ट्यावर सोयाबीन घेणाऱ्यांनी पट्ट्याची प्रत जपून ठेवावी, कारण जमीन कायदेशीरपणे कसली जाते हेही निर्यातदाराला दाखवावे लागेल. आणि माहिती दिली म्हणून भावात काय वाढ, हे शेतकऱ्यांनी मिळून नक्की विचारा. एकट्याने विचारून उत्तर मिळत नाही.

‘युरोपच्या कार्बन करामुळे आमच्या द्राक्षांवर कर लागेल का?’

नाही. १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झालेली ती आकारणी, म्हणजे माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा कर, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर आहे. खते म्हणजे युरोपात आयात होणारी खते, आपल्या दुकानातली गोणी त्यात येत नाही.

‘कारखान्याचा माणूस पाचट न जाळल्याची नोंद आणि फोटो मागतो. खोडव्यात पाचट ठेवले तर खत देता येत नाही, अडचणच होते.’

साखर घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आता ऊस कसा पिकवला हे विचारतात, म्हणून कारखाना तुमच्याकडून नोंद मागतो. नोंद द्या, पण पाचट ठेवायचे ते स्वतःच्या जमिनीसाठी. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातला नत्र धुरात जातो आणि वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात.

तोडणी झाली की पाचट सरीत दाबून बसवा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि त्यांवर एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून फवारा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकून पाणी द्या. जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकले की सगळीकडे सारखे पसरतात. ‘खत देता येत नाही’ ही अडचण पहारीने सुटते: पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत, दुसरी १३० ते १३५ दिवसांनी, पहारीने घेतलेल्या भोकात. पहिल्या वर्षी मजुरांची कुरकुर होते, दुसऱ्या वर्षी तण कमी झालेले तेच दाखवतात.

पाचट ठेवायच्या आधी मातीचा नमुना काढून ठेवा. कार्बनच्या करारात कधी उतरलात तर सुरुवातीचा कर्ब किती होता हे तुमच्या हाती हवे, कंपनीच्या नव्हे. खत टाकण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे अर्धा फूट खोल खड्डे घ्या. बांध, उकिरडा, पाटाची कड टाळा. खड्ड्यांच्या कडेची माती एकत्र करून अर्धा किलो कापडी पिशवीत भरा, गट नंबर आणि तारीख लिहून शासकीय माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवाल सातबाऱ्याच्या फायलीत लावा आणि दर तीन वर्षांनी त्याच ठिकाणची, तेवढ्याच खोलीची माती पुन्हा तपासा.